ग्राफिटी: कला की विद्रूपीकरण, हे कोण ठरवते?

प्रश्न
परवानगी न घेता भिंतीवर रंगवलेल्या ग्राफिटीला एके ठिकाणी शिक्षा होते, तर दुसरीकडे तीच पाहायला लोक लांबून येतात. हा फरक सौंदर्यदृष्टीचा आहे, की भिंतीवर हक्क कोणाचा या समजुतीचा? मला दुसरे कारण अधिक पटते. जाणकारांनी कृपया उदाहरणांसह लिहावे.

प्रतिसाद १
सिंगापूरपुरते आपले म्हणणे बरोबर आहे. तिथल्या १९६६ च्या कायद्यात मालमत्ता विद्रूप करणाऱ्याला वेताच्या फटक्यांची तरतूद आहे. १९९४ मध्ये मोटारींवर रंग फवारल्याबद्दल एका अमेरिकी तरुणाला शिक्षा झाली, तेव्हा अमेरिकेच्या अध्यक्षांनी रदबदली करूनही सहाचे चार फटके झाले, इतकाच काय तो फरक पडला. रंगवलेले चांगले की वाईट, हा प्रश्न तिथे उद्भवतच नाही.

प्रतिसाद २
ब्राझील मात्र इतके सरळ नाही. २०११ च्या कायद्याने मालकाच्या संमतीने काढलेली ग्राफिटी गुन्ह्यातून वगळली, पण 'पिशासाँव', म्हणजे परवानगीशिवाय भिंतींवर अक्षरे रंगवणे, हा गुन्हाच राहिला. साओ पावलोच्या उंच इमारतींवर ही अक्षरे दिसतात: काळी, उभट, टोकदार आणि सरावलेल्या डोळ्यांनाच वाचता येणारी. ती लिहिणारे तरुण दोराशिवाय दर्शनी भिंती चढतात, एकमेकांच्या खांद्यांवर उभे राहून रोलर फिरवतात आणि त्यांतल्या अनेकांना आपल्या लिखाणाला कोणी शोभिवंत म्हटलेलेही नको असते. जे शहर आपली दखल घेत नाही, तिथे आपले नाव सर्वांत उंच जागी दिसावे, ही ओढ मला कोणत्याही सुबक चित्राइतकीच मोलाची वाटते. शिवाय संमती टिकतेच असेही नाही. त्याच शहरात २०१७ मध्ये नव्या महापौरांनी, आधीच्या प्रशासनाच्या संमतीने रंगवलेल्या अनेक भिंती करड्या रंगाने पुसून टाकल्या.

प्रतिसाद ३
याच्या उलट न्यूयॉर्कच्या 'फाइव्ह पॉइंट्झ'चे झाले. मालकाच्या संमतीने वर्षानुवर्षे रंगवलेली ती इमारत त्यानेच २०१३ मध्ये एका रात्रीत पांढरी केली आणि २०१८ मध्ये न्यायालयाने २१ कलावंतांना ६७.५ लाख डॉलर भरपाई मंजूर केली. म्हणजे भिंत मालकाची असली, तरी तिच्यावरचे चित्र सर्वस्वी त्याचे ठरले नाही.

प्रश्नकर्ता
मनःपूर्वक आभार. माझे उत्तर अपुरे होते, हे मान्य करतो. यावरून बर्लिनच्या भिंतीचा उरलेला, सुमारे १.३ किलोमीटर लांबीचा भाग आठवला. १९९० मध्ये रंगवलेली तिथली चित्रे आज संरक्षित आहेत आणि त्यांच्यावर स्वतःचे नाव लिहिणाऱ्या पर्यटकाला विद्रूपीकरण करणारा म्हटले जाते.