मदत हवी आहे: नीट 498, बारावी पीसीबी 71 टक्के. ओरोसला एमबीबीएसला नंबर लागेल का?

तिलारीकाठ
नमस्कार मंडळी. मुलीला नीट 2025 ला 498 पडलेत. बारावीला पीसीबी (फिजिक्स-केमिस्ट्री-बायो) 71 टक्के, केमिस्ट्रीने घात केला. ओरोसच्या (सिंधुदुर्ग) सरकारी मेडिकलला नंबर लागेल का? नाहीतर रत्नागिरीला तरी? तिच्या क्लासवाल्यांचं म्हणणं, बारावीची टक्केवारी कमी असल्याने मेरिटमध्ये मागे पडेल, इम्प्रूव्हमेंटला (मार्क वाढवायला पुन्हा बारावीची परीक्षा) बसवा. त्याची वेगळी फी पण सांगून मोकळे झाले. इम्प्रूव्हमेंटच्या फॉर्मची मुदत तोंडावर आलीय. ज्यांना नक्की माहीत आहे त्यांनीच सांगा, प्लीज.

फणसगरा
कॅटेगरी कोणती? ऑल इंडिया रँक किती? नुसत्या मार्कांवरून काही कळत नाही. 2024 ला आधी 67 जणांना 720 पैकी 720 जाहीर झाले होते. 2025 चा पेपर, त्यातही फिजिक्स, एवढा कठीण गेला की देशात पहिल्या आलेल्याला 686 आहेत. त्यामुळे गेल्या वर्षीचा कटऑफ समोर ठेवून बसलात तर उगाच धीर सुटेल. रँक सांगा.

तिलारीकाठ
ओबीसी. रँक पन्नास हजारांच्या पुढे. पण इम्प्रूव्हमेंटचं काय ते सांगा ना, पोरगी दोन दिवस जेवली नाहीय धड.

दाभोळखाडी
मी आयुष्यभर ज्युनिअर कॉलेजात शिकवलं. बारावीला किंमत नाही असं कोणी सांगू नये. आमच्या वेळी बारावीच्या पीसीबीवरच मेडिकलची यादी लागायची, एकेका मार्कावर मुलं खाली यायची. केमिस्ट्री कच्ची राहिली तर पहिल्या वर्षी बायोकेमिस्ट्रीत मुलगी रडेल. बसवा इम्प्रूव्हमेंटला, पाया पक्का होईल.

फणसगरा
सर, तुमच्याबद्दल आदर आहे, पण तो काळ गेला. आता बारावीचं काम फक्त पात्रतेपुरतं. फिजिक्स, केमिस्ट्री, बायो मिळून खुल्या वर्गाला 50 टक्के, ओबीसी-एससी-एसटीला 40, आणि इंग्रजीसकट सगळे विषय पास. एवढं झालं की 71 वाली आणि 97 वाला एकाच रांगेत उभे. पुढे फक्त नीट. दोघांचे मार्क सारखे आले तर आधी नीटमधले बायोचे मार्क बघतात, मग केमिस्ट्री, मग फिजिक्स. बारावी तिथेही येत नाही. क्लासवाल्यांना एक रुपया देऊ नका.

दाभोळखाडी
यादीचं तुम्ही म्हणता ते असेल. मी मुलीच्या अभ्यासाबद्दल बोलतोय.

फणसगरा
विचारलंय यादीचं, सर.

कुडाळची_ताई
भाऊ, बाकी सगळं बाजूला ठेवा, आधी नॉन-क्रिमीलेअर बघा. माझ्या भाचीच्या वेळी कागद तपासणीला गेलो तर टेबलावरच्या बाईंनी दाखला हातात घेतला आणि पेनाने सरळ तारखेवर टिचकी मारली. 31 मार्चला मुदत संपलेली! पोर ओबीसीतून खुल्या वर्गात जाता जाता वाचली. 2025-26 च्या प्रवेशाला 31 मार्च 2026 पर्यंत चालणारा दाखला लागेल. आणि ऑल इंडिया कोट्यासाठी (देशभरातल्या मुलांना खुल्या असलेल्या सीट) केंद्राच्या नमुन्यातला ओबीसी दाखला वेगळा काढावा लागतो, राज्याचा तिथे चालत नाही. सेतूत गर्दी असते, उद्याच जा.

लातूर_रिटर्न
एक वर्ष ड्रॉप द्या, लातूरला पाठवा. माझा मुलगा तिथेच राहून शिकला. मेस, अभ्यासिका, रोज टेस्ट, दुसरं काही डोक्यात येतच नाही. कोकणात राहून 600 होणार नाहीत.

माडाखाली
हे असं लिहू नका हो. कोकणातली मुलं घरात बसून, नेटवर्क शोधत गच्चीवर जाऊन अभ्यास करून लागलीत. आता ओरोस, रत्नागिरी, अलिबाग, तिन्हीकडे सरकारी कॉलेजं झालीत. सावर्ड्याजवळ डेरवणला आणि इकडे पडव्याला खासगी आहेत. इतकी वर्षं पेशंट सिरियस झाला की गाडी गोव्यातल्या बांबोळीच्या मोठ्या हॉस्पिटलच्या नाहीतर कोल्हापूरच्या वाटेला लागायची. इथली पोरं इथे शिकली तरच इथे डॉक्टर टिकतील. सरकारी एमबीबीएसनंतर एक वर्ष ग्रामीण सेवेचा बाँड असतो, तोही आपल्याच जिल्ह्यात मिळावा असं मला फार वाटतं.

देवगड_पड
दापोलीला बीएससी अॅग्री पण बघून ठेवा, चांगली लाइन आहे. त्याला नीट लागत नाही, सीईटी चालते.

तिलारीकाठ
अॅग्रीचं विचारलेलं नाही. तिला डॉक्टरच व्हायचंय. ओरोसचं सांगा.

फणसगरा
ओरोसला 100 सीट. त्यातल्या 15 ऑल इंडिया कोट्यात जातात. तुमच्या रँकला ओबीसीतून त्या मिळणं फार कठीण. उरलेल्या 85 राज्याच्या, सीईटी सेलच्या (राज्याचं प्रवेशाचं ऑफिस) कॅप राउंडमधून, म्हणजे प्रवेशाच्या फेऱ्यांमधून. त्यात ओबीसीला 19 टक्के आणि मुलींना 30 टक्के समांतर आरक्षण, म्हणजे प्रत्येक वर्गाच्या आतच. पूर्वीचं 70:30 चं प्रादेशिक आरक्षण (70 टक्के सीट त्याच विभागातल्या मुलांना) 2020 ला रद्द झालं, त्यामुळे जिल्ह्यातली म्हणून वेगळा फायदा नाही. माझ्या मते तुम्ही काठावर आहात. सगळी सरकारी कॉलेजं प्रेफरन्सला भरा, विदर्भ-मराठवाडासुद्धा. शेवटच्या राउंडपर्यंत थांबा.

गजाली_बाब
रवा रे जरा. आयडी बघून माणूस दोडामार्गाकडचो वाटता. चेडवाची बारावी खंय झाली ता कोणी इचारल्यानच नाय. आमच्या हयली निम्मी पोरां सकाळची गाडी धरून गोव्यात म्हापशाक नायतर डिचोलीक शिकाक जातत. थंय बारावी केल्यान आसात तर सगळा गणितच बदलता.

तिलारीकाठ
हो, बारावी म्हापशाचीच. दहावी इथली. डोमिसाइल महाराष्ट्राचं, रेशनकार्ड, सातबारा सगळं इथलं. त्याने काय फरक पडतो? कॉलेज घरापासून जवळ म्हणून घातली, सावंतवाडी लांब पडते.

फणसगरा
अरे देवा. मग मी वर काठावर म्हटलं ते धरू नका. राज्याच्या 85 टक्क्यांसाठी डोमिसाइल पुरत नाही, बारावी महाराष्ट्रातल्या कॉलेजातून लागते. आईवडील केंद्र किंवा राज्य सरकारच्या नोकरीत असतील तर बदलीच्या काही अटींवर सवलत आहे. तुमचं तसं काही?

तिलारीकाठ
मी काजूच्या कारखान्यात सुपरवायझर. मिसेस घरी असते. म्हणजे बारावीचे मार्क चालतील पण बारावी चालणार नाही? अॅडमिशन घेताना एका माणसाने तरी सांगायला नको होतं का हे? गोव्यातून तरी मिळेल का मग?

कुडाळची_ताई
नाही भाऊ, गोव्याच्या सीटना तिथे सलग अनेक वर्षं राहिल्याची अट आहे. आपली मुलं शिकतात तिकडे, झोपतात इकडे. सीमेवरच्या पोरांचे हाल कोणाला दिसत नाहीत. दहावीच्या निकालाच्या दिवशीच हे शाळेत सांगायला हवं.

लातूर_रिटर्न
मग ड्रॉपच घ्या म्हणतो मी.

फणसगरा
ड्रॉपने बारावीचं ठिकाण बदलत नाही! पुढच्या वर्षी 560 आले तरी 85 टक्क्यांचं दार बंदच. ड्रॉप घ्यायचा तर फक्त ऑल इंडिया कोट्याच्या हिशेबाने घ्या, आणि त्याला रँक बरीच वर यायला हवी.

सातार्डा_पूल
17 नंबर फॉर्म (बाहेरून परीक्षा द्यायचा) भरून महाराष्ट्र बोर्डाची बारावी पुन्हा देता येईल की.

फणसगरा
सीईटी सेलकडून लेखी उत्तर आल्याशिवाय हे अजिबात करू नका. वर्ष जाईल आणि फॉर्म तपासणीत उडेल. आत्ता करायचं ते असं: एमसीसीच्या (केंद्राची मेडिकल काउन्सेलिंग कमिटी) साइटवर ऑल इंडियाचं रजिस्ट्रेशन, मुदत चुकवू नका. बीएएमएस चालणार असेल तर आयुषचं ऑल इंडिया काउन्सेलिंग वेगळं असतं, एएसीसीसी या केंद्राच्या आयुष प्रवेश समितीकडे, तेही भरा. खासगी कॉलेजांतल्या संस्था कोट्याच्या 15 टक्क्यांत बाहेरच्या राज्यातून बारावी केलेल्यांना जाता येतं, पण तिथली फी राज्याच्या सीटपेक्षा कित्येक पट. अभिमत विद्यापीठांचीही तीच गत.

तिलारीकाठ
तेवढी फी जन्मात जमणार नाही. ऑल इंडिया आणि आयुष दोन्ही भरतो. केंद्राच्या नमुन्यातला दाखला दोडामार्ग तहसीलला मिळतो की सावंतवाडीला जावं लागतं?

कुडाळची_ताई
आधी आपल्या तहसीलच्या सेतूतच विचारा. जातीचा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला आणि तीन वर्षांचा उत्पन्नाचा दाखला सोबत न्या. आणि धाकटं कोणी दहावीत असेल तर त्याचं आत्ताच बघा.

तिलारीकाठ
धाकटा नववीत आहे. त्याला सावंतवाडीलाच घालतो.