मदत हवी आहे: शेती औषधांच्या गोदामात खोक्यांवर खुणा आणि लेबलं कशी लावावीत?

नमस्कार मंडळी,

जालना जिल्ह्यात आमचं कीटकनाशकं, तणनाशकं आणि बियाण्यांच्या घाऊक वितरणाचं काम आहे. आसपासच्या कृषी सेवा केंद्रांना माल आमच्याच गोदामातून जातो. बाबांनी गोदामाचा कारभार आता माझ्याकडे सोपवला आहे, आणि खरिपाची गर्दी सुरू व्हायच्या आत मला इथली घडी नीट बसवायची आहे.

अडचण अशी की एका कंपनीची सगळी खोकी सारखीच दिसतात. तोच तपकिरी पुठ्ठा, तेच बोधचिन्ह. औषधाचं नाव बारीक अक्षरात, आणि बॅच नंबर व मुदतीची तारीख एकाच बाजूला ठिपक्यांच्या छपाईत. थप्पी लावताना नेमकी ती बाजू भिंतीकडे गेली की पुढून काहीच कळत नाही. हमाल मंडळी वर्षानुवर्षांच्या सवयीवर माल काढतात. ती पक्की माणसं आहेत, पण हंगामात रोजंदारीवर नवे लोक येतात तेव्हा सगळा भार दिवाणजींच्या स्मरणशक्तीवर पडतो.

हा फक्त हिशोबाचा प्रश्न असता तर मी इतकं जीव तोडून विचारलं नसतं. आमच्याकडे कपाशी आहे. कीटकनाशकाच्या जागी २,४-डी सारखं तणनाशक एखाद्याच्या फवारणी पंपात गेलं तर त्याचं अख्खं रान हातचं जातं. त्या तणनाशकाचा नुसता वारा लागला तरी कपाशीची पानं आकसतात. दुकानदार बाटली तपासून देतो हे खरं, पण चुकीचं खोकं आमच्या दारातून बाहेर पडताच कामा नये.

दुसरं म्हणजे नवा माल पुढे लागतो आणि जुना मागे राहून त्याची मुदत संपते.

माझ्या मनात आहे ते असं: माल उतरला की प्रत्येक खोक्यावर आपलं लेबल लावायचं, मुदतीच्या तिमाहीप्रमाणे लाल, पिवळी, निळी, हिरवी पट्टी चिकटवायची, आणि जमल्यास बारकोड. कंपनीचाच बारकोड चालेल की आपला वेगळा काढावा? प्रिंटर कोणता घ्यावा? गोदामाला पत्र्याचं छप्पर आहे, उन्हाळ्यात आत भट्टी पेटते. अनुभवी लोकांनी कृपया सविस्तर सांगा.

प्रतिसाद (भिवंडीत गोदाम सांभाळणारा)

ताई, खोक्यांच्या आधी जागेला नाव द्या. बहुतेक ठिकाणी इथेच घोडं अडतं. खोक्यावर कितीही सुंदर लेबल लावलं तरी ते कुठे ठेवलंय हे कागदावर नसेल तर शोधाशोध संपत नाही. रांग, रॅक, मजला असा क्रम धरा: अ-०३-२ म्हणजे अ रांग, तिसरा रॅक, दुसरा मजला. थप्पी जमिनीवरच असेल तर जमिनीवर रंगाने चौकटी आखा आणि समोरच्या खांबावर छातीच्या उंचीला पाटी लावा. चलनावर मालाच्या नावाआधी हा जागेचा आकडा छापून आला पाहिजे, म्हणजे नवा माणूसही आधी जागेवर जाईल आणि मग नाव वाचेल.

खोक्याचं लेबल दोन लगतच्या बाजूंना लावा, एक अरुंद बाजूला आणि एक तिला लागून असलेल्या लांब बाजूला. मग थप्पी कशीही फिरवली तरी एक लेबल सहसा समोर राहतं. कोपऱ्यावर दुमडून लावू नका, तिथे बारकोड वाचला जात नाही. कंपनीने छापलेला बॅच नंबर, तारीख, इशारा यांतलं काहीही झाकू नका. आतल्या बाटलीला तर हातच लावायचा नाही.

आणि खोक्यावरच्या चित्रखुणा हमालांना एकदा बसून समजावून द्या. वर जाणारे दोन बाण, छत्री, पेला, आणि एकावर एक किती खोकी चालतील तो आकडा. आयएसओ ७८० या मानकातल्या या खुणा आहेत, त्यांना वाचता येण्याची गरज नाही. द्रव औषधाचं खोकं आडवं पडलं की झाकणातून गळती सुरू होते, आणि खालचा पुठ्ठा भिजला की अख्खी थप्पी कलते.

प्रतिसाद (कृषी विभागात काम केलेला)

रंगीत पट्ट्यांचा विचार कृपया सोडून द्या. तुम्ही निवडलेले चारही रंग कीटकनाशकांच्या लेबलवर आधीच विषारीपणा दाखवतात. लेबलवरच्या चौकोनी खुणेतला खालचा त्रिकोण लाल असेल तर औषध अति तीव्र विषारी, त्यानंतर पिवळा, मग निळा, आणि हिरवा सर्वांत सौम्य. तुमच्या गोदामात लाल औषधाच्या खोक्यावर हिरवी पट्टी आली तर ती पाहणारा काय समजेल? गळती साफ करायला आलेल्या माणसाने त्या हिरव्यावर विश्वास ठेवला तर त्याच्या जिवावर बेतेल.

मुदतीसाठी महिना आणि वर्ष तळहाताएवढ्या आकड्यांत छापा, ०३/२७ असं. दहा फुटांवरून दिसतं आणि रंगांधळ्या माणसालाही कळतं. औषधाच्या प्रकारासाठी एकच मोठं अक्षर ठेवा: की (कीटकनाशक), बु (बुरशीनाशक), त (तणनाशक). त्यातलं ‘त’ काळ्या पट्टीवर पांढरं घ्या, म्हणजे तणनाशक नजरेतून सुटणार नाही. तणनाशकांची जागाही बियाण्यांपासून आणि बाकी औषधांपासून वेगळी ठेवा. लेबल चुकलं तरी जागा वाचवते.

मुदत संपलेल्या मालाबद्दल नियमच आहे. कीटकनाशक नियम, १९७१ प्रमाणे असा माल लगेच वेगळा काढून त्यावर ‘विक्रीसाठी नाही’ असा शिक्का मारायचा, स्वतंत्र आखलेल्या जागी ठेवायचा आणि तिथे मुदतबाह्य कीटकनाशकांचा फलक लावायचा. नव्या आखणीत हा कोपरा पहिल्या दिवसापासून धरा.

प्रतिसाद (लेबल छपाईच्या धंद्यातला)

पत्र्याचं गोदाम म्हणताय, तर रिबनवाला प्रिंटरच घ्या, थर्मल ट्रान्स्फर म्हणून विचारा. कुरिअरच्या लेबलसारखा साधा थर्मल कागद उष्णतेने काळवंडतो, उन्हाने फिका पडतो, आणि औषधातला द्रावक लागला तर छपाई निघूनच जाते. वॅक्स-रेझिन (मेण आणि राळ मिसळलेल्या शाईची) रिबन आणि चांगल्या गोंदाचा कागद तुमच्या कामाला पुरे. २०३ डीपीआयचा (इंचाला २०३ ठिपके छापणारा) ४ इंची प्रिंटर चालेल. बारकोडच्या दोन्ही टोकांना कोरी जागा सोडा, कोड १२८ हा बारकोडचा प्रकार असेल तर सर्वांत बारीक रेघेच्या दहापट. लोक लेबल भरगच्च करतात आणि स्कॅनर वाचत नाही म्हणून कटकट करतात.

आता कंपनीच्या बारकोडचं. ८९० ने सुरू होणारा १३ अंकी आकडा फक्त वस्तू ओळखतो. बॅच आणि मुदत त्यात नसते, म्हणजे तुमचा मूळ प्रश्न तो सोडवत नाही. पण खोक्यावर कंसात ०१, १०, १७ असे आकडे असलेला लांब बारकोड दिसला तर आधी तोच वापरा. ०१ नंतर वस्तूचा क्रमांक, १० नंतर बॅच, १७ नंतर मुदत, आणि मुदत वर्ष-महिना-दिवस या क्रमाने. २७०३३१ म्हणजे ३१ मार्च २०२७. असा बारकोड नसेल तिथे आपला अंतर्गत क्रमांक काढा. माल तुमच्याच गोदामात फिरणार असेल तर त्यासाठी कुठे नोंदणी लागत नाही.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. रंगांचा मुद्दा माझ्या डोक्यातच नव्हता, पट्ट्या मागवणं थांबवलं. आज गोदामात फिरून पाहिलं. काही कंपन्यांच्या खोक्यांवर तो लांब बारकोड आहे, बऱ्याच जणांवर नुसता १३ अंकी. म्हणजे दोन्ही पद्धती एकत्र चालवाव्या लागतील.

एक राहिलंच. लहान दुकानदार अर्धं खोकं मागतात. फोडलेल्या खोक्यांचं काय करता?

प्रतिसाद (भिवंडीत गोदाम सांभाळणारा)

फोडलेलं खोकं थप्पीत परत ठेवायचं नाही, हा नियम कडक करा. त्यांच्यासाठी दाराजवळ एक रॅक द्या आणि त्यालाही जागेचा आकडा द्या. एका बॅचचं एकच खोकं उघडं असावं. उरलेल्या बाटल्या दुसऱ्या खोक्यात भरू नका, कारण मग बाहेरचं लेबल खोटं ठरतं. खोक्यावर ‘उघडं’ असा शिक्का आणि खाली शिल्लक लिहायला चौकट ठेवा.

सुरुवात तणनाशकांपासून करा, धोका तिथेच जास्त आहे. ती रांग लावून झाली की हंगामातल्या एखाद्या नव्या माणसाच्या हातात नुसतं चलन द्या आणि काही न सांगता माल काढायला लावा. तो जिथे थबकेल तिथलं लेबल बदला, मग पुढची रांग घ्या.