मदत हवी आहे : नरक्याची रोपे गावातच कशी वाढवावीत?

बेळगाव जिल्ह्यातील खानापूर तालुक्यात जांबोटी-कणकुंबीच्या पट्ट्यात नरक्या हे औषधी झाड विरळ होत चालले आहे. त्यातील कॅम्पटोथेसिन या रसायनापासून कर्करोगावरील औषधे बनतात, म्हणून झाड मुळासकट उपटून विकले जाते. गेल्या महिन्यात देवराईच्या कडेला असाच एक ताजा खड्डा आणि त्यात तुटलेली पांढुरकी मुळे मी पाहिली. तोडणाऱ्यांना मी दोष देत नाही, कारण हातात रोकड पडण्याचे दुसरे साधन त्यांच्याकडे फारसे नाही. आमचा महिला बचत गट रोपवाटिका करायला तयार आहे, परंतु जांभळीकाळी पिकलेली फळे धुऊन पेरलेले बी फारच थोडे उगवले. बी ताजेच पेरावे का, आणि २००२ च्या जैवविविधता कायद्याखालील ग्रामपंचायतीच्या समितीला या कामात कसे जोडून घ्यावे, हे अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.