अनुभव धागा: रेकॉर्ड स्टोअर डे जवळ आला, रांग लावायची का?

काळी_तबकडी (लंडन): त्या दिवशी दुकानांत येणाऱ्या खास रेकॉर्डांची यंदाची यादी आली आणि जुनी हुरहूर परत सुरू झाली. १९ एप्रिल २००८ला अमेरिकेतल्या स्वतंत्र दुकानांनी हा दिवस पहिल्यांदा साजरा केला तो छोटी दुकानं जगावीत म्हणून. तो हेतू मला आजही पटतो. पण खास आवृत्त्या दुकानाला बहुतेक परत न करण्याच्या बोलीवर घ्याव्या लागतात. न खपलेला माल वर्षभर त्याच्याच फडताळात. लिहा आपापलं.

रांगवाला: एका माणसाला एका रेकॉर्डची एकच प्रत, आधी राखून ठेवणं नाही. पसंतीच्या क्रमाने चिठ्ठी करून न्या. आणि आदल्या आठवड्यात दुकानात विचारा, काय मागवलंय. मागवलेलं सगळं येतंच असं नाही.

मिनी_ग्रूव्ह: अमेरिकेच्या यादीत "एक्स्क्लुझिव्ह" (फक्त या दुकानांतच मिळणारं) आणि "फर्स्ट" (या दुकानांत आधी मिळणारं) वेगळे असतात. "फर्स्ट" नंतर इतरत्रही येऊ शकतं, त्यासाठी पहाटे उठू नका. कुकर झाला, येते परत.

सुईधागा: घरी आल्यावर आधी वाजवून बघा. भोक मध्यावर नसेल तर टोनआर्म, म्हणजे सुई धरणारा दांडा, प्रत्येक फेऱ्यात डावी-उजवीकडे झुलतो. मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांच्या वेगाला एक फेरा १.८ सेकंदांचा, त्याच लयीत सूर वरखाली होतो, पियानोच्या लांब सुरांत लगेच कळतं. तिरप्या उजेडात खाचांवर निस्तेज पट्टा दिसला आणि तिथेच कापड फाटल्यासारखा आवाज आला तर प्लास्टिक साच्यात नीट भरलेलं नाही. धुऊन काही होत नाही. व्हिडिओ काढा, पावतीसकट दुकानात जा. बदली प्रत बहुधा नसते, पैसे मागा.

मिनी_ग्रूव्ह: आणि चित्रवाल्या रेकॉर्ड ऐकायला घेऊ नका, खरखर जास्त. भिंतीवर छान.

छोटं_लेबल: आम्हा छोट्या रेकॉर्ड कंपन्यांची खरी तक्रार रेकॉर्ड छापणाऱ्या कारखान्यांच्या रांगेची. मोठ्या कंपन्यांची एप्रिलची पुनर्मुद्रणं आधी छापली जातात, नवीन कलाकार मागे राहतो. फेब्रुवारी २०२०मध्ये कॅलिफोर्नियात लॅकर तबकड्या बनवणाऱ्या अपोलो मास्टर्सला आग लागली, तेव्हापासून मास्टर (ज्यावरून छपाईचे साचे बनतात ती मूळ प्रत) कापायच्या या तबकड्यांसाठी जपानच्या एमडीसी कंपनीवरच सगळ्यांची भिस्त होती.

नाट्यपद: विषयांतर, माफ करा. आजोबांच्या ७८च्या (मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या जुन्या) तबकड्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसू का?

सुईधागा: अजिबात नको! त्या लाखेच्या असतात, आणि लाख अल्कोहोलमध्ये विरघळते. डिस्टिल्ड पाण्यात थेंबभर सौम्य साबण, मऊ ब्रश, लेबल कोरडं ठेवा. सुईही वेगळी, साधारण ३ मिलची (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग). एलपीची ०.७ मिलची त्या खाचेच्या तळाशी जाऊन घासते.

नाट्यपद: वाचवलंत दादा. धन्यवाद.

रांगवाला: संध्याकाळी दुप्पट भावाने विकणाऱ्यांकडून घाईने घेऊ नका. बऱ्याचदा दोन-तीन महिन्यांत भाव उतरतो, कधी त्याच दुकानाच्या फडताळात मूळ किमतीला मिळते.

काळी_तबकडी: म्हणून मी दुपारी जाणार, गर्दी ओसरल्यावर. यादीतलं उरलं तर घेईन, नाहीतर जुन्या खोक्यांतली एखादी. दुकानदाराचा गल्ला त्यानेही भरतो.

मिनी_ग्रूव्ह: घट्ट प्लास्टिक आवरण लगेच काढा हं, आकसलं की रेकॉर्ड वाकते. आणि उभ्याच ठेवा.