एरंगळचं चर्च: बोट की बस?

मुंबईत मढजवळच्या एरंगळच्या चर्चला जायला वर्सोव्याहून बोट सोपी, असं म्हटलं जातं. पण बोट मढच्या धक्क्याला सोडते. एरंगळसाठी तिथून पुन्हा मालाडच्या दिशेने रिक्षा किंवा बस लागतेच. लोकलने येत असाल तर मालाड पश्चिमेहून मढची २७१ नंबरची बस धरा आणि एरंगळला उतरा.

संत बोनाव्हेंचरचं हे चर्च १५७५चं, पोर्तुगीज काळातलं, अगदी किनाऱ्यावर. संताचा दिवस खरा १५ जुलैचा, म्हणजे ऐन पावसातला. जत्रा मात्र जानेवारीच्या दुसऱ्या रविवारी. त्या दिवशी मढ रस्ता इतका तुंबतो की इमारत निवांत बघणं विसराच. एरवी दार बंद असू शकतं, म्हणून मिस्साची (चर्चमधल्या सामूहिक प्रार्थनेची) वेळ आधी विचारून घ्या. वाळूत उतरणार असाल तर भरती-ओहोटीही बघा.