तुमच्या पात्राचं वय किती झालं? (अनुभव धागा)

गेल्या रविवारी कपाट आवरताना माझ्या जुन्या पात्राचा कागद हाती लागला. डन्जन्स अँड ड्रॅगन्स या टेबलाभोवती बसून फाशांवर खेळायच्या कथा-खेळातली माझी योद्धा. जखमांचे आकडे खोडून खोडून कागद झिरझिरीत झालाय, पण 'वय'च्या रकान्यात पेनाने लिहिलेलं १९ तसंच. कथेत अकरा वर्षं उलटली होती. एकदाही कुणाला तिचा वाढदिवस आठवला नाही, याचं खरंच वाईट वाटलं.

या खेळाच्या साडेतीन आवृत्तीत वयाला नियम होता. माणूस ३५, ५३ आणि ७० ला पोचला की ताकद, चपळाई, दम उतरायचे. बुद्धी नि शहाणपण चढायचं. पाचव्या आवृत्तीत तो तक्ताच नाही. मला तो हवा होता.

तुमच्या पात्रांवरून वर्षं कशी गेली? कुठलाही खेळ चालेल, लिहा.

*

याच खेळात आमच्याकडे ती एका रात्रीत गेली. पडक्या किल्ल्यात भूत समोर आलं. त्याचं रूप पाहून बचावाचा फासा पाच किंवा जास्तने चुकला, तर चार बाजूंचा फासा टाकायचा आणि येईल त्याला दहाने गुणायचं. तेवढी वर्षं अंगावर चढतात. आम्ही दोघं चुकलो, दोघांचेही ३ पडले.

मित्राचा एल्फ १४० चा १७० झाला. एल्फ साडेसातशे वर्षं जगतात. त्याने आकडा खोडला नि पुढे निघाला. माझी चोर २६ ची ५६ झाली. वरच्या पातळीचा उपचारमंत्र २४ तासांत मिळाला तर हे उलटवता येतं, पण तो येणारं आमच्यात कुणी नव्हतं. तिचे बाकी आकडे होते तेच राहिले, तरी पुढच्या वेळेपासून मी तिला जिना चढताना थांबायला लावलं.

ती घरी गेली. दार उघडलं आईने, जी आता लेकीपेक्षा लहान होती. "कोण हवंय, बाई?" गेममास्टर, म्हणजे खेळ चालवणारा, एवढंच म्हणाला. मला उत्तर सुचेना. टेबलावर कुणी चिप्सच्या पाकिटालाही हात लावेना.

*

फेबल हा व्हिडिओ गेम, कॉलेजात असताना. त्यात वय चढतं ते कौशल्य वाढवण्याने. मी हपापल्यासारखं नायकाला सगळं शिकवत गेलो आणि दाढी पांढरी झाली. बहिणीने मागून विचारलं, "हे आजोबा कोण रे?" दुसऱ्यांदा खेळलो तेव्हा निम्मी कौशल्यं शिकवलीच नाहीत.

*

स्टारड्यू व्हॅली या शेतीच्या व्हिडिओ गेममध्ये वर्ष ११२ दिवसांचं. बाळ रांगतं, दुडूदुडू चालायला लागतं आणि तिथेच थांबतं. गावातली मुलं, जास नि व्हिन्सेंट, तीही मोठी होत नाहीत. मी गरोदर असताना खेळायला लागले, लेक आता दुसरीत आहे. ते शेत अजून उघडते. तिथलं पोर घरभर लुटुलुटु फिरत असतं, आणि मला ते तसंच हवंय.

*

पेंड्रॅगन. आर्थर राजाचा काळ, १९८५ पासूनचा, हाही टेबलावरचा फाशांचा खेळ. साधारण वर्षाला एक मोहीम, मग हिवाळा: मूल झालं का, घोडा जगला का, सगळ्याचे फासे. पस्तिशीनंतर दर हिवाळ्याला म्हातारपणाचाही. माझ्या सरदाराची ताकद अशी हिवाळ्या-हिवाळ्याने झिरपत गेली. मुलगा एकवीसचा झाला तेव्हा नवा कागद घेतला, त्यावर बापाचं नाव लिहिलं, बापाची तलवार लिहिली. घोडाही देणार होतो. फासा टाकला, आणि तो त्याच हिवाळ्यात गेला.