मदत हवी आहे: अशनीतलं (अवकाशातून पृथ्वीवर पडलेल्या दगडातलं) मूळचं पाणी कसं ओळखतात?
ऑस्ट्रेलियात पडलेल्या मर्चिसनसारख्या कार्बनयुक्त अशनींत पाणी चिकणमातीसारख्या खनिजांमध्ये बांधलेलं असतं. त्यातलं ड्यूटेरियम (म्हणजे जड हायड्रोजन) आणि साध्या हायड्रोजनचं गुणोत्तर आपल्या समुद्राच्या बरंच जवळ जातं. रोझेटा यानाला 67पी धूमकेतूवर मात्र ते तिपटीहून जास्त मिळालं. इथवर ठीक.

अडतंय ते टकरींपाशी. लघुग्रह आदळले की खडक तापतो, पाणी सुटतं. हलका हायड्रोजन आधी निसटणार, म्हणजे उरलेल्याचं गुणोत्तर बदलणारच ना? वर अशनी इथे पडल्यावर हवेतली ओल शोषतो, ती भानगड वेगळीच! (र्‍युगू या लघुग्रहाचे बंद कुपीतून आणलेले नमुने म्हणूनच मोलाचे.)

मग मूळचं, टकरीनंतर उरलेलं आणि पृथ्वीवरचं पाणी वेगळं कसं काढतात? ऑक्सिजनच्या समस्थानिकांचा (एकाच मूलद्रव्याच्या कमी-जास्त वजनाच्या अणूंचा) यात नेमका काय उपयोग? जाणकारांनी जरा सविस्तर सांगा, गणित आलं तरी चालेल.